एक पूरक प्रश्न

“चुरीबाई, आज काय? नारळ की नर्सिंग कॉलेज?”

तिडकेसाहेबांनी बसता बसता नेहमीचा टोमणा मारला. ते मराठवाड्याचे खासदार, माझ्या शेजारच्या जागेवरचे. आम्ही दोघं एकाच पक्षाचे आणि दोघंही शेवटून दुसऱ्या रांगेत. मंत्रिपद सोडाच, एखाद्या समितीचं अध्यक्षपदही आपल्या वाट्याला येणार नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. त्यानंतर त्यांनी बोलणं सोडलं आणि मी मिळेल त्या विषयावर बोलायला लागले. चिकूवरची कीड, रेल्वेच्या फलाटाची उंची, बेटावरच्या गावाला नसलेला मोबाइल टॉवर, सर्पदंशाची लस. मागच्या बाकावरच्याला एकच एक विषय धरून बसणं परवडत नाही. जो विषय निघेल त्यात आपल्या किनाऱ्याचं नाव घुसवायचं, एवढंच आपल्या हातात.

“आज सुके बोंबील,” मी म्हणाले आणि हळूच वर प्रेक्षक कक्षाकडे पाहिलं.

कांदरेपाड्याच्या मासळीवाल्या बायका वर ओळीने बसल्या होत्या. ठेवणीतली लुगडी, अंबाड्यावर अबोलीचे गजरे. मासळी सुकवायला किनाऱ्यावर सिमेंटचे ओटे हवेत आणि त्यावर पत्रा हवा, ही त्यांची मागणी. अवकाळी पाऊस आला की वाळूतली सगळी मासळी सडून जायची. दोन वर्षं मी तो प्रश्न पाठवत होते, पण सोडतीत नंबर लागत नव्हता. या खेपेला लागला. सभागृहात तोंडी उत्तर मिळणार म्हटल्यावर देवकूमावशी म्हणाली होती, “बाई, तुम्ही विचारताना आम्हाला बघायचाय.” मग मी पास काढले आणि त्या दिल्लीला आल्या.

देवकूमावशी त्यांची पुढारी. एका कानाने तिला कमी ऐकू यायचं, म्हणून बोलायची ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी. तिच्या शेजारी जयवंती बसली होती. जयवंती तिची सून. म्हणजे एके काळची.

देवकूमावशीचा एकुलता एक मुलगा दामोदर गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात ती बोट बुडाली. काहींची प्रेतं किनाऱ्याला लागली, दामोदरचं लागलं नाही. तेव्हा मी जिल्हा परिषदेत होते. त्यांच्या घरी गेले तेव्हा मावशी दारातच बसली होती, समुद्राकडे पाठ करून. सरकारने वादळात गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले दिले. पुढे चार वर्षांनी मावशीने स्वतः पुढाकार घेऊन जयवंतीचा पाट लावून दिला, गावातल्याच हरेशशी. जातीतले लोक कुजबुजले, तर मावशी भर बाजारात म्हणाली, “पोटची लेक उजवतात तशी उजवली मी तिला. कोणाचा काय जातो?” जयवंतीला आता लहान मुलगी होती. बाजारात मात्र ती अजून मावशीच्या शेजारीच बसायची. मासळीची पाटी दोघींची एकच.

माझ्या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न गुजरातच्या एका सदस्याचा होता. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून शेजारच्या देशाने पकडलेल्या मच्छीमारांबद्दल. मंत्री हिंदीतून आकडे वाचत होते. माझं लक्ष माझ्या कागदांत होतं.

तिडकेसाहेबांनी कोपर मारलं. “हात वर करा की. तुमचाही किनाराच आहे. महाराष्ट्राचे किती, एवढं विचारा. नोंद तरी होईल.”

मी सवयीने हात वर केला आणि अध्यक्षांनी चक्क माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, महाराष्ट्राचे मच्छीमार किती आहेत आणि ते कुठल्या गावचे, असा एका वाक्याचा पूरक प्रश्न विचारला, आणि खाली बसले. खरं सांगायचं तर उत्तराकडे माझं अर्धंच लक्ष होतं.

अधिकाऱ्यांच्या कक्षातून मंत्र्यांच्या हातात एक चिठ्ठी आली. मंत्र्यांनी चष्मा वर सरकवला.

“माननीय सदस्यांचा प्रश्न समयोचित आहे,” ते म्हणाले. “इतके दिवस काही जणांची ओळख पटत नव्हती. आपल्या अधिकाऱ्यांनी गेल्या आठवड्यात तुरुंगात जाऊन त्यांची भेट घेतली. त्यांतले काही महाराष्ट्राचे असावेत. पडताळणीसाठी त्यांची नावं राज्याकडे जातीलच.” आणि त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. शेवटचं नाव वाचताना ते जरा अडखळले.

“दामोदर लछमन... पागधरे. गाव कांदरेपाडा.”

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. तिडकेसाहेब ते उचलायला वाकले, काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. दामोदर लक्ष्मण पागधरे. त्याच्या तेराव्याला मी जेवले होते.

मी वर पाहिलं.

जयवंती उभी राहिली होती. प्रेक्षक कक्षात उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, पुढे वाकायचं नाही, हे मी सगळ्यांना सकाळी बजावून सांगितलं होतं. ती उभी होती आणि तिने दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला होता. सुरक्षारक्षक तिच्याकडे निघाला होता. शेजारी देवकूमावशी छताकडे बघत होती. सभागृहाचं उंच छत आणि तिथले दिवे सकाळपासून तिला मोहवत होते. जयवंती उठल्याचं लक्षात आल्यावर तिने तिचा पदर ओढला आणि नुसते ओठ हलवून विचारलं, काय झाला?

“श्रीमती मंदाकिनी चुरी,” अध्यक्षांनी पुकारलं.

माझा प्रश्न आला होता. सुक्या मासळीचे ओटे. मी उठले. फक्त प्रश्नाचा क्रमांक म्हणायचा असतो, मग मंत्री उत्तर देतात. माझ्या तोंडून तो क्रमांक निघेना.

“माननीय सदस्या?”

“बाई, नंबर म्हणा,” तिडकेसाहेब खालून कुजबुजले. “नंबर!”

मी कागद बाकावर ठेवले, अध्यक्षांच्या आसनाकडे वळून मान लववली आणि सभागृहाबाहेर चालू लागले. मागून पुढच्या प्रश्नाचा पुकारा झालेला ऐकू आला.

जिन्याच्या तोंडाशी त्या सगळ्या जणी उभ्या होत्या. रक्षकाने त्यांना बाहेर काढलं होतं. देवकूमावशी संतापली होती.

“अवो बाई, ही का उठली विचारा जरा! एवढ्या लांबून आलो, तुमचा प्रश्न यायचा होता, आन हिच्यापायी आमाला हाकलला!”

जयवंती भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. “बाई, त्या साहेबानं नाव घेतला ना? का मलाच तसा वाटला?”

मी तिला जरा बाजूला घेतलं. “हे बघ, अजून काहीच खरं नाही. पडताळणी व्हायचीय. एकाच नावाची दोन माणसं असू शकतात. मावशींना आत्ताच सांगायला नको. उद्या मी परराष्ट्र मंत्रालयात जाऊन...”

“कांदरेपाड्यात दुसरा कोण हाय त्या नावाचा?”



जयवंती सरळ मावशीसमोर गेली. तिचा चांगला कान आपल्याकडे येईल अशी उभी राहिली आणि म्हणाली, “आई, दामोदर जिवंत हाय. तिकडं तुरुंगात हाय. आत्ता आत वाचला त्यांनी.”

मावशीचा हात हवेतच राहिला. मला वाटलं मावशी कोसळेल, म्हणून मी पुढे झाले. पण ती एकटक सुनेकडे बघत होती. मग बोलली, आणि इतक्या हळू बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“नाव घेतलास तू त्याचा.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तो मेल्यावरसुद्धा जयवंती कधी ‘दामोदर’ म्हणाली नव्हती. ‘ते’ म्हणायची.

“मग आता काय म्हणू, आई?” जयवंती म्हणाली.

मावशी तिथेच पायरीवर बसली. संसदेच्या त्या रुंद दगडी पायरीवर, पदर तोंडात कोंबून. रडत होती की हसत होती, कोणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना मंत्रालयात घेऊन गेले. अधिकारी तरुण होता, वागायला चांगला होता. त्याने सांगितलं की वादळात बोट बुडाल्यावर शेजारच्या देशाच्या गस्ती नौकेने या माणसाला पाण्यातून उचललं होतं, त्याचं नाव तिकडे कोणीतरी अर्धवट लिहिलं होतं, आणि बोट गुजरातची म्हणून त्याला गुजरातचाच धरलं होतं. तिथे त्याला ओळखणारं कोणी निघेना. इतकी वर्षं तो कोणाचाच नसलेला कैदी होता.

“अडचण अशी आहे, मॅडम,” तो मला म्हणाला, “आम्ही काल संध्याकाळी जिल्ह्यात फोन केला. तिथल्या दप्तरी हा माणूस मेलेला आहे. मग तुरुंगातला माणूस दुसराच कोणी असेल आणि मेलेल्याचं नाव सांगत असेल, असं आमचे वरिष्ठ म्हणतील. घरच्यांनी ओळख पटवली तरच पुढे सरकेल. नाहीतर ही फाइल इथेच बंद.”

त्याने टेबलावर एक फोटो ठेवला.

मी आधी पाहिला. दामोदर मला आठवत होता तो काळाकुळकुळीत, रुंद खांद्यांचा, दात दाखवत हसणारा. फोटोतल्या माणसाचे गाल बसलेले, केस पांढरे, एक डोळा अर्धवट मिटलेला. साठीचा कोणी म्हातारा वाटत होता.

देवकूमावशीने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिने फोटो परत टेबलावर ठेवला.

“हा माझा नाय,” ती म्हणाली. “हा म्हातारा कोण? माझा दामू असा नव्हता. हा नाय.”

मी अधिकाऱ्याकडे पाहिलं. मावशी काय म्हणाली, त्याचं मराठीतून हिंदी मी करणार होते. मी अजून केलं नव्हतं, पण तिच्या हलणाऱ्या मानेवरून त्याला कळलंच असणार. त्याने पेनाचं टोपण लावलं.

जयवंतीपुढे फोटो पडला होता. आईच जिथे नाही म्हणाली, तिथे जयवंतीने काही बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. घरी हरेश होता, मुलगी होती, उभा केलेला संसार होता. ती गप्प बसली असती तर कुणालाही कधीही कळलं नसतं. मलाही नाही.

तिने फोटो उचललासुद्धा नाही. बसल्या जागेवरून बघितलं.

“तोच हाय,” ती म्हणाली.

“जयवंती, नीट बघ,” मी म्हणाले. मी असं का म्हणाले, देव जाणे.

“बघितला, बाई. उजवा कान बघा. वरची पाळी फाटलेली. गळ लागला होता लग्नाच्या वर्षाला. मीच हळद भरली होती.” मग ती मावशीकडे वळली. “आई, तू तेव्हा माहेरी गेली होतीस. केस वाढवून झाकायचा तो, तू ओरडशील म्हणून.”

मावशीने फोटो ओढून घेतला आणि त्या कानावर बोट ठेवलं. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाहेरचा शिपाई दार उघडून आत आला.

अधिकाऱ्याने जयवंतीला विचारलं, “आप उनकी पत्नी हैं?”

एवढं हिंदी तिला कळत होतं.

“होते,” ती मराठीत म्हणाली.

गावी परतल्यावर सहाएक महिने मी कागद आणि फोन यांच्यामागे धावत होते. जिवंत माणसाचा मृत्यूचा दाखला रद्द करणं हे त्याला जिवंत करण्यापेक्षा अवघड आहे, एवढं मी त्यात शिकले. सभागृहात दोनदा विषय काढला. एकदा माझा माइक मध्येच बंद झाला, दुसऱ्यांदा मंत्र्यांनी ‘लवकरच’ म्हटलं. तिडकेसाहेब आता टोमणे मारत नव्हते. आपल्या वाट्याची बोलायची वेळ त्यांनी एकदा न मागता मला दिली.

त्या दिवसांत एका सकाळी हरेश माझ्या कार्यालयात आला. आत यायला सांगितलं तरी आला नाही, दाराशीच उभा राहिला. सरळ, अबोल माणूस. चपला हातात धरल्या होत्या.

“बाई, तो आल्यावर मी काय करायचा?”

“जयवंती काय म्हणते?”

“ती काय म्हणत नाय. घरातला सगळा करते. पोरीला घेऊन मावशीकडे जाते, येते.” तो थांबला. “मी तिला बोललो, तुला जायचा असेल तर मी अडवणार नाय. तर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाय.”

चिकूपासून मोबाइल टॉवरपर्यंत कशावरही उभी राहून बोलणारी मी, त्या माणसाला एवढंच म्हणू शकले, “बस, चहा घे.” तो बसला नाही.

सुटकेचा दिवस ठरल्याचा निरोप आला तेव्हा मी विचारलं, सीमेवर कोण येणार? जयवंती म्हणाली, “आईला न्या, बाई.” तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी बांधून दिली. डबा मावशीच्या हातात देताना म्हणाली, “सगळा एकदम खायला देऊ नको. पोटाला सोसणार नाय.”

सारा प्रवास मावशी एकच गोष्ट घोकत होती. “कसा सांगू, बाई? पहिल्यांदा काय बोलू? तो विचारल, जया कुठाय. मीच दिली तिला दुसऱ्याला, माझ्याच हातानं. तो माझ्या तोंडावर थुंकल.”

“घरी पोचल्यावर सांगू,” मी म्हणाले.

“नाय. गावात कोणीतरी बोलायच्या आधी मी बोलणार.”

सीमेवरच्या फाटकातून एकेक जण येत होता. नवे कपडे, हातात प्लॅस्टिकची पिशवी. दामोदर आला तो खाली बघत, पाय मोजून टाकल्यासारखा. मावशी त्याच्या अंगावर जवळजवळ पडलीच. त्याचा फाटका कान चाचपत राहिली. तो नुसता “आई, आई” म्हणत होता. बोलायची सवय गेल्यासारखा त्याचा आवाज चिरकत होता.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं समोरासमोर बसलो. दुपारची वेळ होती. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि तोंडात धरून किती वेळ तसाच बसला.

“आई,” तो म्हणाला, “ही भाकर तुझ्या हातची नाय.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. “दामू,” ती म्हणाली, “मला तुला एक सांगायचाय. जया...”

“तिनं लगीन केला ना?”

मावशीचा आ वासलेलाच राहिला.

“कोणी सांगितला तुला?” मावशीने कसंबसं विचारलं.

“कोणीच नाय. तिकडं कोण सांगणार?” तो भाकरीकडे बघत बोलत होता. “पयली दोन-तीन वर्षं रोज देवाला बोलायचो, तिला थांबव. मग एक म्हातारा होता आमच्या कोठडीत. तो सुटायच्या आधीच मेला. त्याची बायको वीस वर्षं थांबली होती म्हणे. तो मेला त्या दिवसापासून मी देवाला उलटा सांगितला. तिला थांबवू नको बोललो. ती थांबली असती, आई, तर मी हा असला तोंड घेऊन तिच्यापुढे कसा गेलो असतो?”

“मीच उजवली रे तिला,” मावशी रडत म्हणाली. “माझ्या हातानं. मला वाटला तू गेलास.”

“बरा केलास.”

“आन तुला ओळखला तो पण तिनंच. मी नाय म्हणाले होते. माझ्या पोटचा तू, आन मी नाय म्हणाले. ती बोलली, तोच हाय.”

हे ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. इतका वेळ तो जे धरून बसला होता ते सुटलं. त्याने भाकरी कागदावर ठेवली, हात मांडीला पुसले, पुन्हा पुसले. मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तिने काढला नाही.

रतलाम गेल्यावर त्याने विचारलं, “माणूस चांगला हाय?”

“चांगला हाय. हरेश. वरच्या आळीतल्या बारक्याचा पोरगा.”

“दारू?”

“नाय.”

“समुद्रावर जातो?”

“नाय रे,” मावशी म्हणाली. “रिक्षा चालवतो. संध्याकाळी घरी असतो.”

“रोज?”

“रोज.”

दामोदरने मान हलवली. मग खिडकीकडे तोंड वळवून, आम्हा दोघींना पाठ करून, तो ओक्साबोक्शी रडायला लागला.